लोणी येते कसे? सायीपासून साजूक तुपापर्यंतचे विज्ञान

दुधात स्निग्धांश आणि पाणी असते; लोण्यातही मुख्यतः हीच दोन द्रव्ये असतात. फरक आहे तो प्रमाणाचा आणि त्याहून अधिक मांडणीचा. दुधात पाण्याच्या पसाऱ्यात स्निग्धाचे सूक्ष्म थेंब विखुरलेले असतात, तर लोण्यात स्निग्धाच्या पसाऱ्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकून बसलेले असतात. घुसळणे म्हणजे ही मांडणी उलटी करणे. उन्हाळ्यात गार पाणी घालावे, थंडीत कोमट घालावे, लोणी वर आले की हात थांबवावा, तूप सावकाश निवू द्यावे, हे सगळे घरगुती नियम मुलीसुनांना पिढ्यानपिढ्या कारणाविना सांगितले गेले. कारणे मात्र आहेत, आणि त्यांतील बहुतेक स्निग्धाच्या एका कणापाशी व त्याच्या तापमानापाशी येऊन थांबतात.

गाईच्या दुधात साधारणपणे ३.५ ते ४ टक्के आणि म्हशीच्या दुधात ६ ते ८ टक्के स्निग्धांश असतो. तो ज्या कणांच्या रूपात असतो, त्यांचा सरासरी व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट असतो. म्हशीच्या दुधातील कण त्याहून काहीसे मोठे असतात. प्रत्येक कणाभोवती फॉस्फोलिपिडे आणि प्रथिने यांचे अत्यंत पातळ आवरण असते. या आवरणाची एक बाजू स्निग्धाशी आणि दुसरी पाण्याशी जुळवून घेते, त्यामुळे कण एकमेकांवर आदळले तरी सहसा एकजीव होत नाहीत. स्निग्ध पदार्थ पाण्यापेक्षा हलका असल्याने हे कण हळूहळू वर चढतात, आणि त्यांचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दुप्पट व्यासाचा कण चौपट वेगाने वर येतो. म्हशीच्या दुधावर जाड साय धरते, तिचे एक कारण स्निग्धांशाचे जास्त प्रमाण आणि दुसरे कणांचा मोठा आकार, असे आहे.

याच नियमामुळे दुधाची पिशवी घेताना तिच्यावरचा मजकूर वाचणे फायद्याचे ठरते. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के, स्टँडर्डाइज्ड दुधात ४.५, टोन्ड दुधात ३ आणि डबल टोन्ड दुधात १.५ टक्के स्निग्धांश असावा, असे आपल्याकडील मानक आहे. (टोन्ड दुधाची कल्पना मुंबईच्या दूधपुरवठ्याची घडी बसवताना दारा खुरोडी यांनी १९४०च्या दशकात राबवली, म्हशीच्या सकस दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते अधिक लोकांना परवडेल असे करणे हा तिचा हेतू होता.) पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ असे लिहिलेले असेल, तर मात्र स्निग्धांश कितीही असला तरी सायीची फारशी आशा धरू नये. या प्रक्रियेत, जिचे पेटंट ओग्युस्त गोलँ या फ्रेंच संशोधकाने १८९९ मध्ये घेतले, दूध प्रचंड दाबाने अतिशय अरुंद फटीतून काढले जाते आणि स्निग्धकणांचे इतके बारीक तुकडे होतात की ते वर चढणे जवळजवळ थांबते. शिवाय तुकडे झाल्याने वाढलेला पृष्ठभाग झाकायला मूळ आवरण पुरत नाही, म्हणून त्यावर केसिन प्रथिने येऊन चिकटतात आणि कण आणखी जड होतात. खोक्यातून मिळणारे दीर्घकाळ टिकणारे दूध बहुधा याच प्रकारचे असते. ‘हल्लीच्या दुधाला साय येत नाही, नक्कीच भेसळ असणार’ ही तक्रार पुष्कळदा या प्रक्रियेमुळे उद्भवते. साय न येणे हा भेसळीचा पुरावा नव्हे.

आपण जिला साय म्हणतो ती केवळ वर आलेल्या स्निग्धकणांची नसते. दूध तापू लागले की सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातील निवळीतली, म्हणजे दूध फाटल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यातली, प्रथिने आपली मूळ घडी सोडतात आणि एकमेकांना व केसिनला चिकटू लागतात. पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होत असल्याने तेथे प्रथिने दाट होतात आणि त्यांचे एक पटल तयार होते. खालून वर येणारे स्निग्धकण त्या पटलात आणि त्याच्याखाली अडकत जातात. म्हणून पसरट पातेले, उकळी आल्यावर काही मिनिटे मंद आच, वर घट्ट झाकणाऐवजी जाळी आणि नंतर पातेले न हलवता निवू देणे, या चारही गोष्टी सायीला अनुकूल ठरतात. निवलेले दूध काही तास फ्रिजमध्ये ठेवले की स्निग्ध घट्ट होते आणि साय अखंड उचलता येते. फुल क्रीम दुधाच्या एका लिटरमध्ये साठ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. त्यातला बराच भाग सायीत येतो, सगळा कधीच येत नाही, हे तुपाचा हिशेब मांडताना लक्षात ठेवावे.

आठवडाभर साय साठवण्यात एक धोका आहे. फ्रिजच्या थंडीतही वाढणारे काही जीवाणू असतात. त्यांची विकरे स्निग्धाचे विघटन करतात आणि त्यातून सुटणारी ब्युटिरिक आम्लासारखी लहान आम्ले सायीला खवट, कडसर वास देतात. असा वास एकदा लागला की तो तुपातही उतरतो. यावर जुना आणि उत्तम उपाय असा, की सायीच्या डब्यात पहिल्याच दिवशी चमचाभर ताजे दही घालावे आणि रोजची साय त्यात मिसळत जावे. आंबटपणा वाढला की नासवणाऱ्या अनेक जीवाणूंना तेथे वाढणे अवघड जाते. विरजण न लावता साठवायची असेल, तर साय फ्रीझरमध्ये ठेवणे बरे.

विरजण लावणे म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंना दुधात सोडणे. दुधात सुमारे ४.५ ते ५ टक्के दुग्धशर्करा असते. तिचे हे जीवाणू लॅक्टिक आम्ल करतात. ताज्या दुधाचा सामू (आम्लतेचे माप, आंबटपणा वाढला की ते उतरते) ६.६ ते ६.७ असतो, तो ४.६च्या जवळ आला की केसिनच्या कणांवरील विद्युतभार नाहीसा होतो, ते एकमेकांना धरतात आणि दही लागते. या जीवाणूंपैकी काही विशीच्या, तिशीच्या अंशांत खूश असतात, काहींना चाळिशीच्या आसपासची ऊब लागते. थंडीत विरजणाचे भांडे कणकेच्या डब्यात किंवा ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवण्याची पद्धत त्यासाठीच आहे. काही जातींचे जीवाणू दुधातील सायट्रिक आम्लापासून डायअसिटिल नावाचा पदार्थ तयार करतात. ताज्या लोण्याच्या ओळखीच्या वासाचे श्रेय बरेचसे त्याला जाते. विरजण न लावलेल्या गोड सायीचे लोणी निघते, चांगले निघते, परंतु त्याला हा वास नसतो. शिवाय विरजलेल्या सायीतून स्निग्ध अधिक प्रमाणात हाती येते आणि ताकात कमी वाया जाते. घाई नसेल तेव्हा विरजलेलीच साय वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता घुसळण. रवी फिरते तेव्हा दह्यात हवेचे बुडबुडे शिरतात आणि स्निग्धकण त्यांच्या पृष्ठभागावर गोळा होतात. तेथे आणि एकमेकांवर आदळताना कणांची आवरणे फाटतात. फाटलेल्या आवरणातून थोडे द्रव स्निग्ध बाहेर येते आणि ते शेजारच्या कणाला चिकटवणाऱ्या डिंकासारखे काम करते. परंतु एवढ्याने लोणी होत नाही. कणाच्या आत स्निग्धाचे काही स्फटिकही असावे लागतात. ते आवरण भेदून शेजारच्या कणात रुततात आणि दोन्ही कण पूर्णपणे एकरूप न होता जखडले जातात. अशा जखडलेल्या कणांचे पुंजके वाढत जाऊन मोहरीएवढे, मग ज्वारीएवढे दाणे दिसू लागतात, बुडबुडे कोसळतात, फेस बसतो आणि पातळ ताक वेगळे होते.

म्हणजे लोणी येण्यासाठी कणांत द्रव आणि घन असे दोन्ही स्निग्ध हवे, आणि त्यांचे प्रमाण ठरवते ते तापमान. दुधातील स्निग्ध हा एकच पदार्थ नसून निरनिराळ्या तापमानांना वितळणाऱ्या शेकडो घटकांचे मिश्रण आहे. फ्रिजच्या पाच अंशांवर त्यातला निम्म्याहून अधिक भाग घन असतो, तर चाळीस अंशांना तो पूर्णपणे वितळलेला असतो. विदर्भातल्या मे महिन्यात स्वयंपाकघराच्या तापमानाला घुसळायला घेतले, तर कणांत जखडण्याजोगे स्फटिकच जवळजवळ उरत नाहीत. लोणी पाझरते, ताकाला तेलकट तवंग येतो आणि गोळा हाती लागत नाही. उलट फ्रिजमधून काढल्याबरोबर घुसळले, तर कण इतके कडक असतात की चिकटवायला द्रव पुरत नाही आणि हात दुखेपर्यंत काहीच घडत नाही. दुग्धव्यवसायात मलई साधारण १० ते १५ अंशांच्या दरम्यान घुसळतात. घरी थर्मामीटर लावायची गरज नाही. भांडे हाताला गार लागावे, बोचरे थंड लागू नये, इतके पुरे. उन्हाळ्यातले बर्फाचे पाणी आणि हिवाळ्यातले कोमट पाणी हे या पट्ट्याकडे दोन विरुद्ध बाजूंनी येण्याचे मार्ग आहेत.

रवीची रचनाही कौतुकास्पद आहे. दोरीची दोन टोके आलटून पालटून ओढल्याने ती एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरते. एकाच दिशेने फिरवले असते, तर थोड्या वेळाने सगळे दहीच तिच्याबरोबर गरगरू लागले असते आणि थरांमधील घर्षण कमी झाले असते. दिशा सतत उलटत राहिल्याने ते टिकून राहते. मिक्सर हेच काम केवळ वेगाने करतो, आणि त्या वेगाची दोन बंधने पाळावी लागतात. पाती फिरताना मिश्रण तापते, म्हणून थोडे थोडे थांबून फिरवावे आणि बर्फाचे दोन-तीन खडे घालावेत. दाणे दिसताच थांबावे, कारण त्यापुढेही पाती फिरत राहिली तर ताकाचे बारीक थेंब लोण्यातच कोंडले जातात.

निघालेल्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्ध असते आणि उरलेल्यात मुख्यतः ताकाचे थेंब. ते गार पाण्यात दोन-तीनदा धुतल्याने ताकातील प्रथिने आणि शर्करा निघून जातात, म्हणजे जीवाणूंचे अन्नच जाते. म्हशीच्या दुधाचे लोणी पांढरेशुभ्र असते, कारण म्हैस चाऱ्यातील पिवळ्या कॅरोटिनचे रूपांतर जीवनसत्त्व ‘अ’मध्ये करते, गाईच्या लोण्यात ते कॅरोटिन बऱ्याच अंशी तसेच उतरते आणि रंग देते. उरलेले ताक टाकण्याची वस्तू नाही. फाटलेल्या आवरणांतील फॉस्फोलिपिडांचा मोठा वाटा त्यात गेलेला असतो आणि ताकाचा अंगचा दाटपणा काही अंशी त्यामुळे असतो. मात्र ते कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये; आम्लामुळे धातू विरघळतो, ताक कळकते आणि असे ताक पिणे अपायकारक असते.

लोणी कढवायला जाड बुडाचे भांडे घ्यावे. लोणी वितळून उकळू लागले, की जोवर त्यात पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या आसपासच रेंगाळते, कारण दिलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. या काळात तडतड ऐकू येते आणि वर जाड फेस असतो. पाणी संपत आले की आवाज मंदावतो, फेस बसतो आणि तापमान एकदम वर सरकू लागते. येथून पुढची दोन-तीन मिनिटे निर्णायक असतात. ११० ते १२० अंशांच्या टप्प्यात उरलेली प्रथिने आणि दुग्धशर्करा यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होते. भाजलेल्या धान्याला किंवा पोळीला खमंगपणा येतो तो याच अभिक्रियेमुळे. तळाशी बसलेली बेरी बदामी होते आणि स्निग्धातूनही लॅक्टोन नावाची सुवासिक संयुगे तयार होतात. गोड सायीच्या लोण्यात शर्करा जास्त उरलेली असते, म्हणून त्याची बेरी लवकर तांबूस होते; अशा वेळी आच आधीच कमी करावी. आवाज थांबला, तूप पारदर्शक झाले आणि बेरी बदामी दिसली की गॅस बंद करावा, कारण भांड्यातील उष्णतेने ती आणखी एक छटा पुढे जातेच. कच्चे उतरवलेले तूप पाणी राहिल्याने लवकर बिघडते. जास्त कढलेले कडू होते. बेरीत साखर घालून खावी किंवा ती कणकेत मळावी.

तूप रवाळ होणे हे ते कसे निवते त्यावर अवलंबून आहे. गाळलेले तूप तिशीच्या आसपासच्या अंशांत काही तास न हलवता राहिले, तर उच्च तापमानाला वितळणारे घटक आधी आणि सावकाश स्फटिकरूप होतात. स्फटिक थोडे पण मोठे होतात आणि तेच आपल्याला रवा म्हणून जाणवतात. गरम बरणी थेट फ्रिजमध्ये ठेवली की असंख्य बारीक स्फटिक एकदम तयार होतात आणि तूप मेणासारखे गुळगुळीत बसते. म्हशीच्या तुपात उशिरा वितळणाऱ्या घटकांचे प्रमाण जास्त असल्याने ते अधिक सहज रवाळ होते. बिघडलेला पोत सुधारताही येतो. तूप पुन्हा पूर्ण वितळवून सावकाश निवू द्यावे.

नीट कढवलेल्या तुपात पाण्याचा अंश अर्ध्या टक्क्याहून कमी असतो आणि इतक्या कोरड्या पदार्थात जीवाणू वाढू शकत नाहीत. त्याचा खरा शत्रू हवेतील ऑक्सिजन. प्रकाश आणि तांबे-लोखंडाचे अंश त्याला मदत करतात. म्हणून बरणी काचेची किंवा स्टीलची असावी, काठोकाठ भरलेली असावी आणि उजेडापासून दूर ठेवावी. कढवताना विड्याचे पान टाकण्याच्या रिवाजालाही आधार आहे, कारण त्या पानातील फिनॉल वर्गातील संयुगे ऑक्सिडीकरण मंदावतात. ओला चमचा घातल्यास मात्र या सगळ्याचा उपयोग होत नाही, कारण ज्या पाण्याला हाकलण्यासाठी इतका वेळ कढवले, तेच थेंबाथेंबाने बरणीत परत जाते आणि पृष्ठभागावर बुरशीला जागा मिळते.