टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधील पात्रांचे आवाज

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) खेळताना आपल्या वाट्याला आलेल्या पात्राचे बोलणे त्या पात्राच्याच आवाजात, लकबीत आणि शब्दांत बोलून दाखवण्याची पद्धत. प्रत्येक खेळाडूला सहसा एकच पात्र सांभाळायचे असते. गेम मास्टरला, म्हणजे गोष्ट आणि खेळ चालवणाऱ्याला, मात्र राजापासून रस्त्यावरच्या चोरापर्यंत उरलेल्या सगळ्यांच्या तोंडून बोलावे लागते, त्यामुळे या कलेचा खरा कस त्याच्याच खुर्चीत लागतो.

हा खेळप्रकार लघुप्रतिमांच्या, म्हणजे सैनिकांच्या छोट्या बाहुल्या मांडून खेळायच्या, युद्धखेळांतून जन्मला. त्या खेळांत एक खेळाडू म्हणजे एक आख्खी फौज असे, आणि फौजेला बोलण्याची गरज नसते. 1969 मध्ये डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनस्टाइन' या आपल्या खेळात खेळाडूंना एकेका व्यक्तीची भूमिका दिली. पुढे 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. खेळाडूच्या हाती फौजेऐवजी एक माणूस आला की त्या माणसाला बोलावेसे वाटणारच. तरीही आवाज काढलाच पाहिजे असा नियम नाही. याच खेळाच्या 2014 च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये भूमिका वठवण्याच्या दोन रीती सांगितल्या आहेत. 'माझा योद्धा चिडून त्याला निघून जायला सांगतो' असे वर्णन करणे ही एक, आणि योद्धा होऊन थेट 'चालता हो!' म्हणणे ही दुसरी. पहिली रीत कमी प्रतीची समजणे चूक आहे. कित्येक उत्तम खेळाडू वर्षानुवर्षे वर्णनावरच खेळतात आणि त्यांची पात्रे सगळ्यांच्या लक्षात राहतात.

आवाज काढणे म्हणजे घसा बदलणे, असा नवख्यांचा समज असतो. पट्टी वरखाली करणे, नाकात बोलणे, छातीतून खर्जात बोलणे हे सगळे उपयोगी आहेच. पण ऐकणाऱ्याला माणूस ओळखू येतो तो मुख्यतः लयीवरून आणि शब्दांवरून. वेशीवरचा पहारेकरी घ्या. तो म्हणतो, "नाव. काम. मुक्काम." प्रत्येक शब्दानंतर थांबतो, वर बघत नाही. त्याच शहरातली म्हातारी वैदू म्हणते, "आधी बस बरं. बसलीस? आता सांग, कुठं लागलंय ते. नाही, नाही, रडू नकोस, आधी सांग." दोघांसाठी पट्टी तसूभरही बदलली नाही, तरी कोण बोलतेय हे विचारावे लागत नाही. आणि चार बैठकांनंतर तोच पहारेकरी एकाएकी लांबलचक वाक्ये बोलू लागला, की तो काहीतरी लपवतोय हे खेळाडूंना आपोआप कळते. गेम मास्टरला ते सांगावे लागत नाही. आवाजाचे खरे मोल मला इथे दिसते: तो सजावट नसून माहिती देतो.

हेल वापरताना जपावे लागते. एखाद्या खऱ्या समाजाची बोली उचलून ती चोराला, मूर्खाला किंवा राक्षसाला चिकटवली की टेबलाभोवतीच्या कोणाला तरी ते लागते, आणि लागलेच पाहिजे. त्यापेक्षा एखादे पालुपद, अडखळण्याची जागा किंवा अति-औपचारिक शब्द जास्त कामी येतात.

घशाची काळजी हा दुर्लक्षित विषय आहे. बैठक तीन-चार तास चालते. गुरगुरणारा राक्षसी आवाज घसा आवळून काढला तर स्वरतंतूंवर ताण येतो आणि आवाज बसतो. घोगरी, जोर लावलेली कुजबुजही तितकीच वाईट. पाणी हाताशी ठेवावे आणि घसा खवखवू लागताच तो आवाज सोडून वर्णनावर यावे.

मार्च 2015 मध्ये 'क्रिटिकल रोल' हा कार्यक्रम इंटरनेटवर सुरू झाला. त्यात पहिली अनेक वर्षे आवाज-कलाकार मॅथ्यू मर्सर गेम मास्टर होते आणि त्यांच्याभोवती बसलेले खेळाडूही व्यावसायिक आवाज-कलाकार. या कार्यक्रमामुळे असंख्य लोक खेळाकडे वळले, पण आपला गेम मास्टरही तसाच हवा ही अपेक्षाही वाढली. तिला 'मॅट मर्सर इफेक्ट' असे नाव पडले. ज्यांचा तो पोटापाण्याचा धंदा आहे त्यांच्या मापाने मित्राला मोजणे हा त्या मित्रावर अन्याय आहे.

दोन बिगर-खेळाडू पात्रे, म्हणजे गेम मास्टरच्याच वाट्याची पात्रे, आपसांत बोलू लागली की गेम मास्टर स्वतःशीच गप्पा मारत बसतो आणि खेळाडू नुसते प्रेक्षक होतात. अशा वेळी 'दोघांचा वाद रंगतो, शेवटी सरदार नमतो' एवढे वर्णन पुरते. महिन्याभरापूर्वीचा आवाज आठवत नाही, ही नेहमीची अडचण. म्हणून अनुभवी गेम मास्टर वहीत नावापुढे 'नाकात, सावकाश, प्रश्नाला प्रश्न' अशी खूण करतात, आणि त्या पात्राचे एक ठरलेले वाक्य लिहून ठेवतात. ते वाक्य मनात एकदा म्हटले की पुढचा आवाज सहसा आपसूक जमतो.