नोटर डेम विद्यापीठातील विद्यार्थिजीवन व प्रथा

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, साउथ बेंड शहराला लागून असलेल्या नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठातील पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांचे वसतिगृहजीवन, उपासना, खेळ आणि त्यांतून रुजलेले रीतिरिवाज. पवित्र क्रूस संघ या कॅथलिक धर्मसंघाचे फ्रेंच धर्मगुरू एडवर्ड सोरिन यांनी संघाच्या काही ब्रदरांसह (धर्मगुरू नसलेल्या व्रतस्थांसह) २६ नोव्हेंबर १८४२ रोजी येथील तळ्याकाठी मुक्काम टाकला, तेव्हा त्यांचे वय २८ होते. १८४४ मध्ये राज्याने संस्थेला सनद दिली. नाव फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘आमची स्वामिनी’, म्हणजे पवित्र मरिया. मात्र ‘नोत्र दाम’ असा मूळ उच्चार करणारा माणूस इथला नव्हे, हे परिसरात लगेच ओळखले जाते.

या जीवनाचा कणा म्हणजे वसतिगृह. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे लावणाऱ्या फ्रॅटर्निटी व सोरोरिटी या विद्यार्थी-मंडळ्यांचा मोठा दबदबा असतो. नोटर डेममध्ये त्यांना मज्जाव आहे. त्यांची जागा तीसहून अधिक वसतिगृहांनी घेतली आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वसतिगृह निवडता येत नाही. जे वाट्याला येईल ते त्याचे, आणि पुढेही बहुतेक जण तेच धरून राहतात. विद्यापीठाच्या नामांकित (अमेरिकन) फुटबॉल संघातील खेळाडूंसाठीही वेगळे निवास नाहीत. परिणामी ‘तू कुठल्या हॉलचा?’ हा प्रश्न इथे ‘कोणत्या विषयाचा?’ या प्रश्नाच्या आधी येतो.

प्रत्येक वसतिगृहाचा एक रेक्टर असतो. तो फादर, ब्रदर, सिस्टर किंवा प्रापंचिक असू शकतो, पण राहतो विद्यार्थ्यांबरोबर त्याच इमारतीत. प्रत्येक वसतिगृहात स्वतःचे चॅपेलही असते. रविवारी रात्री उशिरा तेथे मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) होते आणि विद्यार्थी घरातल्या कपड्यांत, कधी सपाता घालूनच खाली येतात. परिसरात भव्य सेक्रेड हार्ट बॅसिलिका आहे, तिथला थाट वेगळा. पण अनेकांच्या आठवणीत राहते ती आपल्या हॉलची मिस्सा. तिला अकॅथलिक विद्यार्थीही येऊन बसतात. धर्माचरणाची सक्ती असलेला काळ केव्हाच मागे पडला आहे. आता ओढ असते ती सोबतीची, आणि सोबतीतून कधी श्रद्धेची.

सोरिन हॉल हे १८८०च्या दशकाच्या अखेरीस बांधलेले वसतिगृह स्वतंत्र खोल्यांमुळे गाजले. त्याआधी विद्यार्थी मुख्य इमारतीतल्या लांबलचक सामायिक दालनांत झोपत. याच सोरिनच्या रहिवाशांनी १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ आपण विद्यापीठातून फुटून निघाल्याचे जाहीर केले आणि दारावर ‘सोरिन कॉलेज’ अशी पाटी लावली. बंड विरले, नाव मात्र टिकले.

मुला-मुलींची वसतिगृहे वेगळी आहेत. १९७२ पर्यंत विद्यापीठात पदवी अभ्यासक्रमाला मुलींना प्रवेशच नव्हता. शेजारच्या सेंट मेरीज या महिला महाविद्यालयाशी विलीनीकरण करण्याचा बेत फिसकटल्यावर तो खुला झाला आणि बेडिन व वॉल्श ही पहिली दोन वसतिगृहे मुलींना मिळाली. मुलींनी मुलांच्या आणि मुलांनी मुलींच्या वसतिगृहात पाहुणे म्हणून गेल्यास रात्री ठरावीक वेळेपर्यंत खोल्यांतून बाहेर पडलेच पाहिजे, या नियमाला ‘पॅरायटल्स’ म्हणतात: एरवी मध्यरात्र, शुक्रवार-शनिवारी रात्रीचे दोन. या नियमावर विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या कुरकुरत आल्या आहेत. गंमत अशी, की तक्रारीचा हा समान विषयही आता परंपरेचाच भाग झाला आहे.

प्रत्येक हॉलचा आपापला उत्सव असतो आणि तो बहुधा कुणासाठी तरी निधी जमवतो. फिशर हॉलने सुरू केलेल्या शर्यतीत विद्यार्थी हाताने बनवलेल्या होड्या सेंट मेरी तळ्यात उतरवतात. त्यांतल्या काही काठाजवळच बुडतात आणि प्रेक्षकांची खरी करमणूक तीच असते. सिगफ्रीड हॉलची मुले फेब्रुवारीच्या कडाक्यात अर्धी चड्डी, टी-शर्ट आणि चपला घालून दिवसभर वर्गांत फिरतात, आणि जमलेले पैसे साउथ बेंडमधील बेघरांच्या निवाऱ्याला देतात. थंडी सोसल्याखेरीज बेघरांविषयी बोलू नये, असा त्यामागचा रोखठोक विचार आहे. कीनन हॉलचा विनोदी प्रहसनांचा कार्यक्रम १९७६ पासून चालतो; त्यात रेक्टरपासून विद्यापीठाच्या अध्यक्षांपर्यंत कुणाचीही गय केली जात नाही.

या सर्वांत जुनी आणि नाव ऐकून सर्वाधिक चकवणारी प्रथा म्हणजे ‘बेंगाल बाउट्स’ ही मुष्टियुद्ध स्पर्धा. ‘बेंगाल’ म्हणजे वाघ नव्हे, तर बंगालच. पवित्र क्रूस संघाचे मिशनरी १८५०च्या दशकापासून पूर्व बंगालात काम करत आले. ढाक्यातील नोटर डेम कॉलेज याच संघाचे. १९३१ पासून या स्पर्धेचे उत्पन्न तेथील मिशनकार्याला, म्हणजे आजच्या बांगलादेशाला जाते. भाग घेणारे बहुतेक जण आधी कधी रिंगणात उतरलेले नसतात. महिनोन्‌महिने सराव करून ते दिव्यांखाली एकमेकांना ठोसे मारतात, ते हजारो मैलांवरच्या शाळा-दवाखान्यांसाठी. मुलींची ‘बराका बाउट्स’ ही स्पर्धा पूर्व आफ्रिकेतील कामासाठी निधी उभारते.

बॅसिलिकेच्या मागे उतारावर १८९६ मध्ये बांधलेली गुहा आहे, मरियेने दर्शन दिल्याची श्रद्धा असलेल्या, फ्रान्समधील लूर्द येथील गुहेची लहान प्रतिकृती. रोज सायंकाळी येथे रोझरी (मरियेची जपमाळ) म्हटली जाते. परीक्षेच्या आठवड्यात आणि फुटबॉल सामन्यांच्या आदल्या रात्री मेणबत्त्यांची इतकी दाटी होते, की १९८५ मध्ये त्यांच्याच उष्णतेने गुहेत आग लागली. एरवी मात्र ही परिसरातली सर्वांत शांत जागा. रात्री दोन वाजताही एखादा विद्यार्थी कठड्यापाशी गुडघे टेकून असतो, आणि त्याला कुणी काही विचारत नाही.

फुटबॉलविना हे वर्णन अपुरे राहील, कारण शरद ऋतूतील शनिवार हा इथला दुसरा रविवार आहे. ‘फायटिंग आयरिश’ हे नाव आयरिश कॅथलिक स्थलांतरितांना हिणवण्यासाठी विरोधकांनी वापरलेले; विद्यापीठाने १९२७ मध्ये ते अधिकृतपणे स्वीकारले. त्याआधी तीन वर्षांपूर्वी, मे १९२४ मध्ये, कॅथलिकद्वेष्ट्या कू क्लक्स क्लानच्या मेळाव्यासाठी साउथ बेंडला आलेल्या लोकांशी विद्यार्थी रस्त्यावर भिडले होते. फुटबॉलमधल्या विजयाला या समाजाने एवढे महत्त्व का दिले, हे त्या प्रसंगातून कळते. सामन्याच्या आदल्या मध्यरात्री ढोलवादक मुख्य इमारतीपुढे कडे करून वाजवतात. मैदानात विद्यार्थी पूर्ण वेळ उभेच असतात. संघाने गुण मिळवले की एखाद्याला हातांवर उचलून एकूण गुणांइतके जोर मारायला लावतात. शेवटी, हरले तरी, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून मरियेला उद्देशून असलेले विद्यापीठगीत म्हणतात.

श्रद्धा आणि थट्टा इथे किती बिनधास्त शेजारी नांदतात, ते पुतळ्या-चित्रांच्या टोपणनावांत दिसते. हेसबर्ग ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर १९६४ पासून १३४ फूट उंचीचे भित्तिचित्र आहे. त्यातील ख्रिस्ताचे उंचावलेले हात स्टेडियमच्या रोखाने दिसतात आणि टचडाउन (गुण) झाल्यावर पंचही असेच दोन्ही हात वर करतो, म्हणून त्याला ‘टचडाउन जीझस’ म्हणतात. अमेरिकी यादवी युद्धात १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर आयरिश पलटणीला पापक्षमा देणारे फादर कॉर्बी पुतळ्यात हात वर करून उभे आहेत. झेल घेणारा खेळाडू अशीच खूण करतो, म्हणून ते ‘फेअर कॅच कॉर्बी’. यात अनादर शोधणारा पाहुणाच असतो.

सोनेरी घुमटाची मुख्य इमारत एप्रिल १८७९ मध्ये जळाली आणि त्याच वर्षी शरदातल्या सत्राला नवी उभी राहिली. तिच्या दर्शनी पायऱ्या पदवी मिळेपर्यंत विद्यार्थी चढत नाहीत; चढला तर पदवी हुकते, असा समज आहे. मागे-बाजूला दारे असल्याने कुणाची अडचण होत नाही. पदवीदानाच्या दिवशी मात्र त्याच पायऱ्यांवर छायाचित्रांसाठी रांग लागते.

वसतिगृहकेंद्री व्यवस्थेवर वादही होत आले आहेत. २०१८ पासून दाखल झालेल्यांना सलग सहा सत्रे वसतिगृहात राहणे बंधनकारक झाले. बाहेर राहणाऱ्या वरिष्ठ विद्यार्थ्यांना हॉलच्या कार्यक्रमांपासून दूर ठेवण्याच्या धोरणाविरुद्ध २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. दंगेखोर म्हणून ख्याती असलेल्या झाम हाउसचा रहिवासी समुदाय विद्यापीठाने २०२१ मध्ये मोडून टाकला आणि तेथील मुलांना इतर वसतिगृहांत विखुरले.