लुग्दुनुम

लुग्दुनुम : प्राचीन गॉलमधील (आजचा फ्रान्स) अनेक वस्त्यांचे केल्टिक (गॉलची जुनी भाषा आणि आयरिश ज्या कुळातल्या, त्या कुळातील) नाव. उत्तरार्ध ‘दूनोन’ म्हणजे गढी. आयर्लंडमध्ये गढीला आजही ‘दून’च म्हणतात. पूर्वार्धात बहुतेक अभ्यासक लुगुस हा देव पाहतात. आयरिश दंतकथांतला लू तो हाच.

नावांची झीज मोठी विलक्षण आहे. इ. स. पू. ४३ मध्ये मुनाटियस प्लांकस या रोमन सेनानीने वसवलेल्या लुग्दुनुमचे ‘ल्यों’ झाले, उत्तरेकडच्या टेकडीवरील लुग्दुनुमचे ‘लाँ’. पिरेनीजच्या पायथ्याच्या लुग्दुनुमने तर जुने नाव टाकून एका संताचे घेतले. सँ-बेरत्राँ-द-कोमँज हे आज एक लहानसे खेडे आहे. आयर्लंडमधील लाउथ परगण्याच्या नावात मात्र लू अजून ओळखू येतो.

कथेतला लू आयर्लंडमधील तारा या राजपीठाच्या राजवाड्यापाशी येतो, तेव्हा द्वारपाल त्याला अडवतो. मी सुतार आहे, लोहार आहे, वीणावादक आहे, असे तो एकेक सांगत जातो. प्रत्येक कसबाचा माणूस आत आधीच असतो. ‘ही सगळी कसबे एकट्याला येणारा कोणी आहे का?’ या प्रश्नावर दार उघडते. सीझरनेही लिहून ठेवले आहे, की गॉल लोक सर्वाधिक भजत तो देव सर्व कलांचा जनक होता. रोमन रिवाजाप्रमाणे त्याने त्याला मर्क्युरी म्हटले. स्पेनमधील ओस्मा येथे चर्मकारांच्या संघाने ‘लुगोवेस’ या अनेकवचनी देवांना अर्पण केलेला लेख सापडला आहे, आणि लूचाच वेल्श अवतार मानला जाणारा ल्येउ कथेत जोडे शिवतो. लुगुस आणि लू एकच, हे सांगायला नामसाम्यापेक्षा कसबांचा हा धागा अधिक भक्कम वाटतो.

तारखांच्या बाबतीत सावध राहावे. लूचा सुगीचा सण लूनसा १ ऑगस्टचा. ल्योंजवळची रोमन सम्राट ऑगस्टसची वेदीही १ ऑगस्टलाच अर्पण झाली, म्हणून या तारखेमागे लुगुस असावा असे वाटू शकते. पण अलेक्झांड्रिया ऑगस्टसच्या हाती पडली तो दिवसही हाच, त्यामुळे रोमनांना ही तारीख निवडायला लुगुसची गरज नव्हती. लुग्दुनुम या नावाची दुसरी व्युत्पत्तीही जुनीच आहे : एका ग्रीक ग्रंथात ‘लुगोस’ म्हणजे कावळा असे म्हटले आहे.

नेमेद या आयरिश पुराणपुरुषाचे नावही असेच गॉलमधील गावाच्या नावाशी जुळते. ‘नेमेतोन’ म्हणजे पवित्र स्थान, देवराई; पॅरिसलगतच्या नाँतेरचे जुने नाव नेमेतोदुरुम. ही गावे आयरिश वीरांच्या नावाने वसली, असा मात्र अर्थ काढू नये. आयरिश कथा मध्ययुगात लिहिल्या गेल्या. गॉलमधील नावे त्याआधी कित्येक शतके रूढ होती.