जास्त स्टेज जिंकल्या म्हणजे टूर जिंकली असं नसतंय

आपल्या साताऱ्यात सायकलवाल्यांच्यात पण हे ठाम बसलंय की जो जास्त स्टेज, म्हणजे रोजचे टप्पे, जिंकतो तोच टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली सायकल शर्यत जिंकतो. टीव्हीवरच्या चर्चेच्या कार्यक्रमांनीच हे पसरवलंय असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथं शेवटची स्प्रिंट दहा वेळा फिरवून दाखवतात, हात वर करून रेषा ओलांडणाऱ्यावरच सगळे बोलतात आणि त्याआधीचा तासाभराचा घाट राहूनच जातो.

खरं म्हणजे 21 स्टेजच्या वेळेची बेरीज करतात, ज्याचा एकूण वेळ सगळ्यात कमी त्याला पिवळी जर्सी, शेवटी ती ज्याच्याकडं टूर त्याची. मार्क कॅव्हेंडिशच्या नावावर 35 स्टेज आहेत, रेकॉर्ड आहे तो, पण टूर एकदाही नाही. उलट क्रिस फ्रूमनं 2017 ला एकही स्टेज न जिंकता टूर मारली, ती पण फक्त 54 सेकंदांनी! 1990 ला ग्रेग लेमाँडनंही एकही स्टेज न जिंकताच टूर मारली.

सपाट रस्त्यावर अख्खा घोळका एकत्र आला की सगळ्यांना एकच वेळ देतात, पहिल्याला वर फक्त 10 सेकंदांचा बोनस. घाटात मात्र मिनिटंच्या मिनिटं जातात, यवतेश्वरचा घाट चढलेल्याला हे सांगायला नको, एकदा पाय भरले की पुढचा वळणाआड गेलाच म्हणून समजा.

2024 ला पोगाचारनं सहा स्टेज पण घेतल्या आणि टूर पण, त्यामुळं गैरसमज अजून पक्का झाला. पण त्यानं टूर जिंकली ती एकूण वेळेवरच, त्यामुळं चर्चा बघताना स्टेजच्या निकालाआधी एकूण वेळेचा तक्ता बघत जा.