लघवीची नळी घरी स्वतः काढणे

प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयात ठेवलेली नळी (कॅथेटर) ठरलेल्या दिवशी रुग्णाने घरच्या घरी स्वतः काढण्याची पद्धत. नळी कधी व कशी काढायची आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा, हे रुग्णाला घरी सोडण्यापूर्वीच समजावून आणि करून दाखवून ठरवलेले असते. अमेरिका व ब्रिटनमधील काही रुग्णालयांत ही पद्धत रुळलेली आहे. २०२० पासून कोविडच्या साथीत रुग्णालयाच्या फेऱ्या कमी करण्याची निकड आली, तेव्हा तिच्याकडे जास्त लक्ष गेले. महाराष्ट्रात नळी काढायला रुग्णाला बहुधा रुग्णालयातच बोलावतात.

प्रोस्टेटची प्रत्येक शस्त्रक्रिया या पद्धतीला सारखी सोयीची नाही. वाढलेली ग्रंथी दुर्बिणीतून खरवडली, तर नळी साधारण एक ते तीन दिवस असते आणि ती बहुतेक वेळा रुग्णालयातच निघते. कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढली, तर गोष्ट वेगळी. ग्रंथी गेल्यावर मूत्राशयाचे तोंड आणि मूत्रमार्ग एकमेकांना टाके घालून जोडावे लागतात. हा जोड भरून येईपर्यंत नळी एक ते दोन आठवडे ठेवतात. यंत्रमानवाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झालेला रुग्ण मात्र एक-दोन दिवसांतच घरी जातो, नळी आणि पिशवी घेऊन. मग केवळ ती काढण्यासाठी लांबचा प्रवास करायचा का, हा प्रश्न उभा राहतो. काही शल्यविशारद नळी काढण्यापूर्वी क्ष-किरण तपासणीने जोड गळत नसल्याची खात्री करून घेतात. अशा रुग्णाला रुग्णालयात जावेच लागते. नळी विनाकारण लांबवणेही बरे नव्हे. ती जितके दिवस राहते तितकी लघवीत जंतू शिरण्याची शक्यता वाढते, दर दिवसामागे साधारण ३ ते ७ टक्के, असे मानले जाते.

वापरात असते ती फॉली नळी. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फॉली यांनी १९३० च्या दशकात ती विकसित केली. नळीच्या आतल्या टोकाशी एक लहान फुगा असतो. तो मूत्राशयात गेल्यावर निर्जंतुक पाण्याने फुगवतात, म्हणून नळी निसटत नाही. मिठाच्या पाण्याचे स्फटिक होऊन फुग्याची बारीक वाट बुजू शकते, म्हणून साधे निर्जंतुक पाणीच वापरतात. बाहेरच्या टोकाला दोन फाटे असतात. रुंद फाट्याला पिशवी जोडलेली असते आणि रंगीत झडपेचा अरुंद फाटा फुग्याचा असतो. रंगावरून नळीची जाडी कळते: १६ क्रमांकाला नारिंगी, १८ ला लाल. तीन क्रमांक म्हणजे एक मिलिमीटर, या हिशेबाने १८ ची नळी ६ मिलिमीटर जाड. फुग्यात बहुधा १० मिलिलिटर पाणी असते, पण काही नळ्यांत ३० किंवा त्याहून जास्त. नेमके किती भरले हे घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर लिहिलेले असायलाच हवे.

नळी सकाळी लवकर काढतात, म्हणजे काही बिघडले तर पुढचा सगळा दिवस हाताशी राहतो. रुग्ण हात धुऊन, पिशवी रिकामी करून न्हाणीघरात बसतो. पहिल्यांदा काढताना एखाद्याला भोवळ येते, म्हणून घरचे कोणीतरी जवळ असावे. सुई नसलेली सिरिंज झडपेत दाबून बसवली की पाणी आपोआप मागे येऊ लागते. दट्ट्या जोराने ओढू नये; आतली वाट चिकटते आणि पाणी अडते. जितके भरले होते जवळपास तितके पाणी आले की फुगा रिकामा झाला. मग दीर्घ श्वास सोडत नळी हलक्या हाताने ओढली की ती सरकत बाहेर येते. क्षणभर जळजळते, पाठोपाठ थोडी लघवी किंवा रक्ताचे दोन थेंब येतात. अडखळल्यासारखे वाटले तर तिथेच थांबून फोन करायचा. फुगलेला फुगा ओढला तर मूत्रमार्ग आणि नवा जोड दोन्ही फाटू शकतात. काही ठिकाणी सिरिंजऐवजी कात्रीने फुग्याचा फाटा कापायला सांगतात. ते सोपे खरे, पण किती पाणी आले हे मोजता येत नाही आणि चुकून मुख्य नळी कापली जाण्याची भीती राहते. सिरिंजची रीत त्यामुळे अधिक भरवशाची. निघालेल्या नळीचे टोक अखंड आहे ना, हेही पाहून घ्यावे लागते.

नळी काढणे हा यातला सोपा भाग. खरी कसोटी पुढच्या चार ते सहा तासांची असते. नेहमीइतके पाणी पीत राहायचे आणि लघवी होते की नाही, किती होते, याकडे लक्ष ठेवायचे. ओटीपोट फुगले, कळ येते पण धार सुटत नाही, नुसते थेंब पडतात, किंवा गुठळ्या पडू लागल्या, तर लघवी तुंबली असे समजून लगेच निघावे लागते. हुडहुडी भरून ताप येणे हीदेखील वाट न पाहण्याची खूण.

इथेच एक मोठा धोका आहे आणि तो रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवा. मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून तालुक्याच्या गावी परतलेल्या माणसाची लघवी तुंबली, तर घरचे त्याला जवळच्या दवाखान्यात नेणार. तिथे नेहमीप्रमाणे नवी नळी घालण्याचा प्रयत्न होतो. एरवी तेच योग्य. पण संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णात अंदाजाने घातलेली नळी ताजा जोड उसवून बाहेर भलतीकडे जाऊ शकते. अशी नळी मूत्ररोगतज्ज्ञाने, गरज पडल्यास दुर्बिणीतून पाहत घालायची असते. म्हणून शस्त्रक्रियेचे नाव, तारीख आणि शल्यविशारदाचा फोन असलेला कागद जवळ ठेवून तिथल्या डॉक्टरांना तो आधी दाखवावा.

ज्याची शस्त्रक्रिया किचकट झाली, जोड गळत असल्याची शंका आहे, नळी काढल्यावर लघवी तुंबण्याचा पूर्वीचा अनुभव आहे, हात थरथरतात, किंवा घरी सोबत नाही, त्याला घरी नळी काढायला सांगू नये. ज्याला स्वतः काढायची भीती वाटते त्याच्यावरही ती लादू नये.

संपूर्ण ग्रंथी काढलेल्या बहुतेकांना नळी निघाल्यावर खोकताना, उठताना लघवी गळते. पुष्कळांना याची कल्पना नसते आणि आपल्याच हातून काही बिघडले असे वाटून ते हबकतात. हे अपेक्षित असते आणि काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बहुतेकांचे कमी होते. पॅड त्या दिवसाआधीच आणून ठेवतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम शस्त्रक्रियेपूर्वीच शिकून घेतलेले बरे. नळी आत असताना ते करत नाहीत, ती निघाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करतात.