ऑर्किडला काचघर कोणी शिकवलं?

मे संपत आला की ओळखीतलं कोणीतरी हमखास विचारतं, अहो ऑर्किड आपल्या हवेत बाहेर जगेल का, त्याला ग्रीनहाऊस वगैरे लागतं ना? आणि गंमत अशी की विचारणाऱ्याच्या स्वतःच्या परसातल्या जुन्या आंब्यावर सीतेची वेणी लोंबत असते, जांभळट-पांढऱ्या फुलांचा हातभर घोस, कोणी पाणी घालत नाही की खत. आमच्याकडे तर लहानपणी त्याला सरसकट बांडगूळ म्हणायचे आणि झाड साफ करताना गडी कोयत्यानं तेही खरवडून टाकायचा. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून रस पितं, ऑर्किड नुसतं सालीला धरून बसतं, झाडाचं काही खात नाही, पण हे सांगणार कोण.

मग हे "नाजूक, काचेत ठेवायचं फूल" डोक्यात बसलं कुठून? तर ते आपल्याकडचं नाहीच, थंड देशातून आलंय.

आपल्या किनाऱ्यावर या झाडांची नोंद खूप जुनी आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हेड यानं कोचीनला बसून मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, हॉर्टस मलबारिकस, १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला. त्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट असे तीन कोकणी वैद्य होते आणि त्यांचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात चक्क छापलेलं आहे. बाराव्या खंडात झाडावरची ऑर्किडं येतात, मल्याळी लोक त्यांना मरवाळ म्हणतात, म्हणजे झाडावरची केळ. सीतेची वेणी त्यातच आहे, आणि पुढे १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं तिला शास्त्रीय नाव दिलं ते याच ग्रंथाच्या आधारानं. व्हँडा या ऑर्किडच्या गटाचं नाव तर सरळ संस्कृतातलं, वंदा, झाडावर उगवणारं ते. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२० मध्ये ते शास्त्रात पक्कं केलं. हिंदीत बांडगुळाला बांदा म्हणतात, म्हणजे गोंधळ आमच्या गड्याचा एकट्याचा नव्हता!

आता इंग्लंड. १८०० नंतर तिथे जहाजांनी ऑर्किडं यायला लागली आणि श्रीमंतांना वेडच लागलं. उष्ण देशातलं झाड म्हणजे त्याला उष्णता हवी आणि दमट देशातलं म्हणजे ओल हवी, इतका साधा हिशोब करून त्यांनी कोळशाच्या भट्टीवर तापणारी काचघरं बांधली, चामडं कमावून उरलेल्या सालीचा कुजणारा भुगा वाफ्यात भरून त्याच्या उबेत कुंड्या पुरल्या, आणि खिडक्या घट्ट बंद ठेवल्या. जॉन लिंडलीसारख्या मोठ्या शास्त्रज्ञानं १८३० च्या सुमारास भरपूर उष्णता, सावली आणि ओल असाच सल्ला दिला आणि सगळ्यांनी तो मानला. झाडं शेकड्यानं मेली, मेली की नवीन मागवायची. जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्यानं इंग्लंडातल्याच चॅट्सवर्थच्या बागेत उष्णता कमी केली, खिडक्या उघडल्या, मधून मधून कोरडं ठेवलं, तेव्हा कुठे झाडं टिकायला लागली. त्याचा माळी जॉन गिब्सन १८३५ मध्ये आपल्याकडे आला आणि मेघालयातल्या खासी टेकड्यांतून भरपूर ऑर्किडं घेऊन १८३७ मध्ये परतला.

त्याच खासी टेकड्यांत १८५० मध्ये जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ गेला होता आणि त्यानं निळ्या व्हँडाबद्दल जे लिहिलंय ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. तीन-चार हजार फुटांवर, गवताळ टेकड्यांवरच्या खुरट्या, विरळ पानांच्या ओकच्या झाडांवर ही व्हँडा वाढते, मुळं नुसत्या खडबडीत सालीवर पसरलेली, शेवाळसुद्धा नाही, ऊन-पाऊस-वारा थेट अंगावर. हवा दमट आहे पण कोंदट अजिबात नाही. आणि इंग्लंडमध्ये आपण नेमकं हेच सगळं ऑर्किडाला लागू देत नाही, असं तो म्हणतो. इतकं कळूनही त्यानं सात माणसांच्या डोक्यावर मावेल एवढी ती उपटून लंडनच्या क्यू बागेला पाठवलीच, आणि त्यातली थोडीच जिवंत पोचली. असो.

बियांचा प्रश्न निराळाच होता. एका बोंडात लाखो बिया, पण पिठासारख्या, आत अन्नसाठा शून्य, त्यामुळे पेरून उगवेनात. १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच माणसाला त्यात बुरशीचा हात असल्याचं कळलं, आणि १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसननं बुरशीशिवाय, साखर घातलेल्या जेलीवर बाटलीत रोपं उगवून दाखवली. आज मिळतं ते स्वस्त ऑर्किड या बाटलीच्या कृपेनं.

पण उघड्यावरच्या ऑर्किडची खरी गोष्ट सिंगापूरची. तिथे ॲग्नेस जोकिम नावाच्या आर्मेनियन बाईंच्या बागेत एक संकर फुलला, १८९३ मध्ये तिथल्या बोटॅनिक गार्डनच्या हेन्री रिडलीनं तो नोंदवला, व्हँडा मिस जोकिम. बाईंनी मुद्दाम केला की आपसूक झाला यावर वर्षानुवर्षं वाद चालला, आता तिकडे श्रेय त्यांनाच देतात. महत्त्वाचं हे की हे झाड काचघरात नव्हे, भर उन्हात, जमिनीत रांगेनं खुंट ठोकून त्यांना बांधून वाढवतात, आणि शेंडा खुंटाच्या वर मोकळ्या हवेत गेला की मगच ते धो धो फुलतं. १९८१ मध्ये ते सिंगापूरचं राष्ट्रीय फूल झालं.

तिथल्या बोटॅनिक गार्डनचा संचालक एरिक हॉल्टम यानं १९२८ मध्ये नडसनची बाटली वापरून संकर करायला घेतले, आणि त्याचा विचार साधा होता, गारव्याची ऑर्किडं इथे सखल भागात फुलत नाहीत तर त्यांच्या मागे का लागायचं, इथे सहज फुलणाऱ्यांचेच संकर करू. इंग्लंडच्या बरोब्बर उलट! तिकडचं डेंड्रोबियम गटातलं एक जंगली ऑर्किड आहे, कबुतरासारखं पांढरं, ते वादळी पावसानं हवा एकदम गार झाली की नऊ दिवसांनी फुलतं, त्या भागातली सगळी झाडं एकाच दिवशी. हे कुठलं काचघर करून दाखवणार?

आता सिंगापूरचं जसंच्या तसं कोकणात चालत नाही, इथेच लोक फसतात. तिथे पाऊस वर्षभर विखुरलेला, आपल्याकडे रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, मग नोव्हेंबरपासून टिपूस नाही. इथली रानटी ऑर्किडं त्याला सरावलेली आहेत. डेंड्रोबियम बार्बाट्यूलमची पानं गळून नुसत्या काड्या उरतात, आणि माणसं मेलं म्हणून फेकून देतात, तर फेब्रुवारीच्या सुमारास त्याच उघड्या काड्यांवर पांढरी फुलं येतात. विकतच्या संकराला मात्र त्या कोरड्या महिन्यांत रोज पाणी मारावं लागतं. मुळांवर पांढरा स्पंजसारखा थर असतो, भिजला की हिरवा दिसतो, परत पांढरा झाला की पाणी द्यायची वेळ झाली, दुसरं मीटर नको.

मी पहिल्या वर्षी काय केलं, नर्सरीतून फॅलेनॉप्सिस नावाचं ऑर्किड आणलं, कोकोपीटमध्ये घट्ट दाबून दिलेलं, तसंच उभं पडवीच्या कडेला ठेवलं. जुलैत पागोळ्या थेट मधल्या पोंग्यात. चार दिवसांत पोंगा बोटानं ओढला तर हातात आला, वास सुटलेला. रानात हे झाड फांदीवरून तिरकं, पानं खाली करून लोंबतं म्हणून पाणी निथळून जातं, हे मला नंतर कळलं. कुजलेलं सगळं कापून उरलेलं बूड नारळाच्या सोडणाच्या तुकड्यावर ठेवून काथ्याच्या दोरीनं फणसाच्या खोडाला पूर्वेच्या बाजूला आडवं बांधलं, सकाळचं ऊन मिळेल असं. सप्टेंबरपर्यंत दोन मुळांनी साल धरली आणि बुडातून एक फुटवा आला. यंदा त्याला तीन पानं आहेत, फूल अजून नाही.