व्हॅटिकन वेधशाळा

रोमन कॅथलिक चर्चच्या सर्वोच्च पीठाची खगोलशास्त्रीय संशोधन संस्था. मुख्यालय रोमच्या आग्नेयेस सुमारे 25 किमी. वरील कास्तेल गांदोल्फो येथे, पोपच्या उन्हाळी प्रासादाच्या परिसरात. येथील संशोधक बहुतांशी जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचे) धर्मगुरू आहेत. ख्रिस्ती श्रद्धा व विज्ञान यांची चर्चा बहुधा 1633 च्या गॅलिलिओ खटल्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. त्या संबंधाचे स्वरूप समजण्यास या संस्थेचा इतिहास अधिक उपयोगी पडतो.

स्थापनेचा काळ : याबाबत एकमत नाही. सर्वांत जुना दावा पोप तेरावे ग्रेगरी यांच्या कारकिर्दीत, साधारण 1578–80 च्या सुमारास, बांधलेल्या ‘वाऱ्यांच्या मनोऱ्या’शी जोडलेला आहे. तेथील मध्यान्हरेषा डोमिनिकन पंथीय इन्यात्सियो दांती यांनी आखली. दक्षिण भिंतीतील छिद्रातून येणारा सूर्यकिरण माध्यान्ही या रेषेवर पडे, व त्यावरून वसंतसंपात (वसंतातील दिवस-रात्र समान असण्याची वेळ) 21 मार्चऐवजी 11 मार्चच्या सुमारास होत असल्याचे दिसे. तेव्हाच्या जुलियन कालगणनेतील वर्ष 365 दिवस 6 तासांचे, तर सायन वर्ष (एका वसंतसंपातापासून पुढच्या वसंतसंपातापर्यंतचा काळ) त्याहून सुमारे 11 मिनिटे 14 सेकंदांनी लहान. त्यामुळे दर 128 वर्षांत एक दिवसाची चूक साचत गेली. इ.स. 325 च्या नायसिया परिषदेपासून सोळाव्या शतकापर्यंत ती सुमारे दहा दिवसांवर पोहोचली आणि ईस्टरचा सण ऋतूशी विसंगत होऊ लागला. (मकरसंक्रांत पुढे सरकते त्याचे कारण वेगळे आहे. तेथे पंचांगातील, ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले निरयन वर्ष सायन वर्षापेक्षा मोठे असते.) ही कालगणना सुधारताना 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर मोजण्यात आला, आणि 400 वर्षांत 100 ऐवजी 97 लीप वर्षे धरण्याचा नियम झाला.

मनोऱ्यातील किरण पाहूनच पोपनी सुधारणेचा निर्णय घेतला, अशी कथा प्रचलित आहे. मात्र इटालियन वैद्य अलॉयसियस लिलियस यांची सुधारणेची योजना त्यांच्या भावाने 1576 मध्येच कालगणना-सुधारणा आयोगापुढे मांडली होती आणि तिचा सारांश 1577–78 च्या सुमारास राजेरजवाड्यांकडे व विद्यापीठांकडे अभिप्रायार्थ गेला होता. तेव्हा मनोऱ्यातील प्रात्यक्षिक हे सुधारणेचे कारण नसून पुष्टी असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सुधारणेचे गणिती समर्थन पुढे रोमन कॉलेजातील जेझुइट गणितज्ञ क्रिस्टोफर क्लाव्हियस यांनी केले.

दुसरा दावा रोमन कॉलेजच्या वेधशाळेचा (1774). तेथे आंजेलो सेक्की यांनी 1850 पासून 1878 मधील मृत्यूपर्यंत काम केले. सुमारे चार हजार ताऱ्यांचे वर्णपट (प्रकाश रंगांत विभागून मिळणारे पट्टे) पाहून त्यांनी ताऱ्यांचे प्रकार पाडले. आजच्या वर्णपटीय वर्गीकरणाचा पाया येथे आहे, आणि धर्मगुरूने घातलेला असूनही त्यात धर्मशास्त्राचा मागमूस नाही. 1870 मध्ये रोम इटलीच्या ताब्यात गेले व सेक्कींच्या निधनानंतर ही वेधशाळाही सरकारजमा झाली. तिसरा दावा 1789 ते 1821 या काळात फिलिप्पो लुईजी जिली यांनी मनोऱ्यातच चालविलेल्या वेधशाळेचा.

आजची संस्था मात्र पोप तेरावे लिओ यांच्या 14 मार्च 1891 च्या आदेशाने स्थापन झाली, आणि सातत्य पाहता हीच तारीख धरणे योग्य. चर्च खऱ्या विज्ञानाच्या विरोधात नाही हे जगाला दिसावे, असा हेतू त्या आदेशात उघड मांडला आहे.

कार्य : स्थापनेनंतर लगेच संस्था आकाशाच्या छायाचित्रीय नकाशाच्या आंतरराष्ट्रीय योजनेत सामील झाली. या योजनेतील एक पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडेही होता. व्हॅटिकनच्या वाट्याच्या काचपट्ट्यांवरील ताऱ्यांची स्थाने 1910 ते 1921 या काळात चार ख्रिस्ती जोगिणींनी (नन) मोजली : एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलोंबो, कोंचेत्ता फिनार्दी व लुईजा पांचेरी. 4,81,000 हून अधिक ताऱ्यांच्या या सूचीमागची त्यांची नावे 2016 पर्यंत अज्ञात राहिली, हे खेदजनक आहे.

रोमच्या दिव्यांमुळे 1930 च्या दशकात दुर्बिणी कास्तेल गांदोल्फोला हलविल्या. तेथेही आकाश उजळू लागल्यावर 1981 मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनात संशोधन गट स्थापन झाला. माउंट ग्रॅहमवरील 1.8 मी. व्यासाची दुर्बीण 1993 पासून आहे. हा पर्वत अपाची लोकांना पवित्र असल्याने तेथील बांधकामास तीव्र विरोध झाला; श्रद्धेच्या आदराची भाषा बोलणाऱ्या संस्थेने तो अधिक गांभीर्याने घ्यायला हवा होता.

श्रद्धा व शोध : विश्वाच्या प्रसरणाची कल्पना मांडणारे बेल्जियन धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी भौतिकी सिद्धांत आणि सृष्टिनिर्मितीची श्रद्धा कटाक्षाने वेगळी ठेवली. नोव्हेंबर 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वरचनाशास्त्रात निर्मितीची साक्ष पाहिली, ते लमेत्र यांना रुचले नाही. सप्टेंबर 1952 मध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढील भाषणात पोपनी तो मुद्दा पुन्हा मांडला नाही. लमेत्र व वेधशाळेचे संचालक डॅनिएल ओ’कॉनेल यांनी पोपचे मन वळविले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. क्रम पाहता ते संभवनीय आहे. पुढे 1978 ते 2006 संचालक राहिलेल्या जॉर्ज कॉइन यांनी चर्चने गॅलिलिओ प्रकरणाचे फेरपरीक्षण करून 1992 मध्ये केलेल्या समारोपावर उघड टीका केली, आणि 2005 मध्ये उत्क्रांतीविषयी एका कार्डिनलने घेतलेल्या भूमिकेलाही विरोध केला.

सप्टेंबर 2025 पासून संचालकपदी गोव्याच्या जेझुइट प्रांताचे रिचर्ड डिसोझा आहेत. देवयानी दीर्घिकेने सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका गिळली असावी, असा निष्कर्ष त्यांनी एरिक बेल यांच्यासह 2018 मध्ये मांडला.